कच्च्या पेशी

३ फेब्रुवारी

चार तास आई मशीनला जोडलेली. एका हातातून रक्त जायचं, दुसऱ्यातून परत यायचं. मधल्यामधे हव्या त्या पेशी काढून घ्यायच्या. तीन वर्षांपूर्वी तिनं सुनेला किडनी दिली, आता हे. "उरलंसुरलं काय ते एकदाच काढून घ्या बाई," नर्सला म्हणाली.

बायको शेजारी हसत होती— कपाळावर पट्टी. शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या घेते, त्यांनीच ही कातडीच्या कॅन्सरची तिसरी गाठ. गोळ्या चालू ठेवल्या तर कॅन्सर, बंद केल्या तर किडनी जाणार!

प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, पेशी आठ दिवस वाढवायच्या, पण पिकू द्यायच्या नाहीत. "कच्च्या पेशी बालवाडीतल्या पोरांसारख्या. परक्याला बघून बोंब मारत नाहीत. या सुनेच्या अंगात गेल्या की तिचं शरीरही सासूची किडनी आपलीच मानायला शिकेल. पिकलेल्या गेल्या तर मात्र चोर-चोर करून सगळ्यांना उठवतील."

"म्हणजे माझ्यासारख्या," आई.

४ फेब्रुवारी

आईच्या उशाशी तापाच्या गोळ्यांचं पाकीट. चार गोळ्या संपलेल्या.

"परवापासून अंग कसकसत होतं रे. फार नव्हता ताप."

फॉर्मवर विचारलं होतं— गेल्या दोन आठवड्यांत ताप? तिनं 'नाही' लिहिलं. खाली साक्षीदार मी.

"सांगितलं असतं तर परत धाडलं असतं. तेवढा वेळ आहे का तिच्याकडे? गप्प बस तू."

६ फेब्रुवारी

गप्प आहे.

८ फेब्रुवारी

दाढी करत होतो. ही मागे येऊन उभी राहिली. "अहो, गोळ्या सुटल्या ना, की आधी उन्हात बसणार आहे मी. टोपी न घालता." तोंडाला फेस होता, बरं झालं.

तापानं पेशी पिकल्या असतील तर? सांगितलं तर पेशी जातील, नाही सांगितलं तर कदाचित किडनी. आणि सांगावंसं वाटतं ते हिच्यासाठी, की माझे हात स्वच्छ राहावेत म्हणून?

१० फेब्रुवारी

सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उद्या देणार होतो हो!" नियमाप्रमाणे पेशी फेकून देणार. थोड्या तपासायला ठेवतील, रिपोर्टला तीन आठवडे. महिन्याभरानं आईचं रक्त पुन्हा घेऊ म्हणाले.

"बरोबर केलंत," बायको म्हणाली. मग घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

आई— "आला मोठा सत्यवादी!"

१९ फेब्रुवारी

आईला न्यूमोनिया. म्हणजे तो ताप साधा नव्हता! क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. आई धापा टाकतेय आणि मला बरं वाटतंय. शरम वाटली.

२७ फेब्रुवारी

आई घरी आली. पण हृदय कमकुवत झालंय. पुन्हा चार तास मशीनवर? डॉक्टर म्हणाले, "नाही. आता कधीच नाही." दुसऱ्या कुणाच्या पेशी चालत नाहीत, किडनी ज्याची, त्याच्याच हव्यात.

"मी लिहून देते, मेले तर मेले," आईचं चालूच. बायको तिला औषध भरवत होती. हिच्या मानेवर चौथी गाठ.

४ मार्च

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन. फेकलेल्या पेशी उत्तम होत्या. सगळ्या कच्च्या, एकही पिकलेली नव्हती.

"कुणाचा हो?" बायकोनं आतून विचारलं.

"ऑफिसचा," म्हणालो.