चाळीस प्रश्न

९ मार्च, रविवार

लाडक्या चिमणे,

खूप खूप आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. मामीचा गुडघा आता जिना चढू देतो, त्यामुळे माझ्यावरची पाळत पुन्हा दोन्ही मजल्यांवर सुरू झाली आहे. माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता इतकं स्वच्छ दिसतं की घराच्या भिंती किती मळल्यात हे मला आत्ता कळलं.

तुझी नवी नोकरी छान चालली आहे, असं तुझ्या आईकडून कळलं. तुझ्याकडून नाही. दीड वर्षात एकदा मीच फोन केला, तेव्हा तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणालीस. रविवारी. असो. तक्रारीचा हक्क मला नाही, हेच सांगायला कागद घेऊन बसलोय. फोनवर मी हवापाण्यावर घसरतो.

आधी ऑफिसची बातमी. तीन आठवड्यांपूर्वी, माझं ऑपरेशन होतं त्याच सकाळी, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलातली रुग्णांची लिफ्ट बंद पडली. लिफ्टची देखभाल आपल्याच कंपनीकडे, म्हणून दुरुस्तीला आपला लंबू गेला होता. तुला त्याच्या मोटारसायकलवर मागे बसवून साइटवर नेणारा मेकॅनिक, तोच. हीच लिफ्ट आठ वर्षांपूर्वी अशीच अडली होती आणि तेव्हा काय केलं ते कुणीतरी लिहून ठेवलंय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मोबाईलवर कंपनीच्या सर्चमध्ये टाकलं, ‘दार चावतंय’, म्हणजे दार घासून अडकतंय. मेकॅनिक असंच बोलतात आणि असंच लिहितात. सर्चने तीनशे कागद दिले. दारांची माहितीपत्रकं, किल्ल्यांची यादी, सुरक्षेचं परिपत्रक. हवा तो कागद सोडून सगळं. त्या कागदावर ‘दारं चावत होती’ असं होतं. हे एकाच घरचे शब्द आहेत, हे त्या विकतच्या सॉफ्टवेअरला कुणी शिकवलेलं नाही, आणि आपल्याला शिकवता येत नाही. ते कुलूपबंद. विकणाऱ्यांना कळवलं की सव्वा वर्ष एकच उत्तर येतंय, ‘पुढच्या आवृत्तीत बघू.’

मग लंबूने तेच केलं जे सगळे करतात. मला फोन लावला. मी ऑपरेशनच्या टेबलावर, फोन मामीच्या पर्समध्ये, बंद. दोन तास रुग्णांना खुर्चीत बसवून जिन्याने वर-खाली नेलं. कुणाचं बरंवाईट झालं नाही, हे नशीब.

मी कामावर आलो तसा तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. “साहेब, तुम्ही आहात तोवर ठीक. नसाल तेव्हा कुणाला विचारायचं?”

मी म्हटलं, “सॉफ्टवेअर आहे की.”

“आहे ना. पण तुमच्या भाचीने आम्हाला विचारून विचारून बनवलेलं जास्त बरं होतं. ते बिचारं नापास झालं.”

चिमणे, ते नापास झालं नव्हतं. मी केलं.

तुझं घ्यायचं की विकतचं, हे ठरवायच्या परीक्षेत चाळीस प्रश्न दोन्ही सॉफ्टवेअरना सारखेच दिले, हे खरं. पण कागद सारखे नव्हते. विकतच्याला मी टाइप केलेले, स्वच्छ कागद दिले. तू ओपन सोर्सवर, म्हणजे फुकट मिळणाऱ्या आणि बदलता येणाऱ्या कोडवर, उभारलेल्याला जुन्या गठ्ठ्यातले, वाकडे स्कॅन केलेले, डाग पडलेले. तुला सांगितलं, दोघांना एकच गठ्ठा आहे. निकाल लागला तेव्हा तू सगळ्यांसमोर उभी राहून म्हणालीस, “मी परत बघते, माझंच कुठेतरी चुकलं असेल.” मी समोर बसून पाणी प्यायलो. महिनाभराने तू राजीनामा दिलास, त्यावर सहीसुद्धा मीच केली.

कारणं माझ्याकडे भरपूर होती. मामाने भाचीचं घोडं पुढे दामटलं, असं लोक म्हणतील. फुकट मिळणाऱ्या गोष्टीत उद्या बिघाड झाला तर कुणाची मानगूट धरायची? विकतच्याला निदान एक फोन नंबर असतो. यातलं काही अगदीच खोटं नाही. पण त्यासाठी मी सरळ नाही म्हणू शकलो असतो, लबाडी करायची गरज नव्हती.

खरं कारण लाजिरवाणं आहे. सव्वीस वर्षं कुठला कागद कुठे आहे हे मला विचारायला माणसं यायची. तुझ्या सॉफ्टवेअरने पहिल्याच दिवशी एक असा कागद काढून दिला, जो मलाही आठवत नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि घरी जाऊन जेवलो नाही. विकतचं बरं होतं, पण लोकांना माझी गरज उरेल इतपतच बरं. म्हणून मला ते पसंत पडलं.

सोमवारी हे सगळं आपल्या मॅनेजर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “परीक्षा परत घेऊ. या वेळी कागद मी निवडते.” तुझ्या जागी आलेल्या चष्मेवाल्याने तुझं जुनं मशीन उघडलं आणि दुपारपर्यंत सगळं चालू केलं. तो म्हणाला, “यांनी इतकं नीट लिहून ठेवलंय, मला कुणाला विचारावंच लागलं नाही.” मनातून मी चरकलो, पण बरंही वाटलं.

चाळीसपैकी तुझं चौतीस, विकतच्याचं सत्तावीस. हाताने लिहिलेले जुने कागद वाचण्यात मात्र त्यांचं पुढे आहे, तेही सांगतो. मॅडमनी ठरवलं, ते कागद वाचायला त्यांचं ठेवायचं, शोधायला तुझं. आता मेकॅनिक स्वतःच शब्दांची भर घालतात. लंबूने पहिल्याच दिवशी अकरा घातले. ‘लिफ्ट रुसली’ म्हणजे बटण दाबूनही न येणं. शोधलं, तर रुसलेल्या चौसष्ट लिफ्ट निघाल्या! सगळं ऑफिस हसत होतं.

जुना अहवाल मी दुरुस्त केला, मीटिंगमध्ये उभं राहून वाचला आणि खाली सही केली. प्रत सोबत जोडली आहे. मॅडम तुला सल्ला द्यायला बोलावतील. हो म्हण, नाही म्हण. मामाची भीड ठेवू नकोस.

एक अजून उरलंय. तुझी आई तुला “मामाचं नाक कापलंस” म्हणाली, तेव्हा मी त्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. तेवढं एक वाक्य मला थांबवता आलं असतं. तिला अजूनही वाटतं, तू काम अर्धवट टाकून पळालीस. येत्या रविवारी पाच वाजता मी तिच्याकडे जातोय. तू आलीस तर तुझ्यासमोर सांगेन, नाही आलीस तरी सांगेन. ताईचा आवाज चढेल, चढू दे. लहानपणापासून मी तिच्या बोलण्याला भीत आलोय, पण या वेळी सगळं ऐकून घेऊनच उठेन.

तुझा अपराधी, आणि तरीही तुझाच,
मामा