आयत्या वाराचा नियम

अण्णा, तुम्ही एकदा मला एक प्रश्न विचारला होता आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. आता ते सापडलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतंय, कारण परवा कापूरहोळला जो वाद मी जिंकले तो मुळात आपल्या दोघांचाच होता.

भोरमध्ये माझं छपाईचं दुकान आहे, ते तुम्ही पाहिलं नाहीत. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं. त्यातून वेळ काढून मी एक खेळ रचलाय. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, कोणी तलवारवाली होते, कोणी मंत्र जाणणारा, आणि एक जण गोष्ट पुढे नेतो. डोंगर, भुयारं, राक्षस, सगळं नुसत्या बोलण्यातून उभं राहतं. लढाई आली की मात्र नकाशावर सोंगट्या मांडायच्या. आपली पाळी आली की सरकायचं आणि फासा टाकून वार करायचा; मोठा आकडा पडला तर वार लागतो, लहान पडला तर चुकतो. मोठी माणसं हे खेळतात का, असं तुम्ही विचारलंच असतं. खेळतात, आणि जेवणाची शुद्ध हरपून खेळतात. अशा खेळांत बऱ्याच ठिकाणी एक नियम असतो. शत्रूच्या जवळून कोणी दूर जायला निघालं, की पाळी नसतानाही शत्रूला त्याच्यावर एक वार फुकट मिळतो. आम्ही त्याला आयता वार म्हणतो. तो असावा की नसावा यावरून खेळणाऱ्यांत अक्षरशः भांडणं होतात. मला तो कोणी समजावून सांगायची गरजच पडली नाही, मी त्याच नियमात वाढले.

वेल्ह्याकडच्या आपल्या गावात भात झोडून झालं की रिकाम्या खळ्यावर तुम्ही लाठी शिकवायला उभे राहता. आम्ही पोरं-पोरी जोडीजोडीने खेळतोय, तुम्ही मधोमध, काठी टेकून. ज्याचं पाऊल बेसावध मागे गेलं त्याच्या पोटरीवर तुमची काठी बसते. जोरात नाही, पण चुकत कधीच नाही. "माघार घ्यायची तर काठी फिरवत घे. पाट उगडी टाकलीस की संपलीस." आम्हीही काही कमी नव्हतो. आम्ही त्यातून एवढंच शिकलो, की मागे म्हणून जायचंच नाही.

मग जत्रा आली. आपल्याकडे लाठीवाले पालखीच्या पुढे, पालखीकडे तोंड करून खेळतात आणि पालखी येईल तसतसे खेळत खेळत मागे सरकतात. त्या वर्षी पहिल्यांदा आमचा जथा पुढे होता. ढोल वाजतायत, गुलाल उडतोय, पालखी पुढे येते आणि आम्ही जागच्या जागी काठ्या फिरवतोय. कोणी मागे सरेना. पालखी अगदी आमच्या काठ्यांपाशी येऊन थांबली, मागचे ढोलवाले पालखीवर येऊन आदळले. गुरव ओरडले, "अवं, सरका की मागं! द्येव काय तुमच्या डोस्क्यावरनं जाईल व्हय?" तुम्ही धावत आलात. "खुट्यावानी का उबी ऱ्हायलीस गं?" आणि मी साऱ्या गावासमोर म्हणाले, "मागं सरलं की तुमी मारताय. मग सरंल कोन?" गाव पोट धरून हसलं. तुम्ही मात्र हसला नाहीत.

त्या संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही ताटावर बसलाय आणि मी दाराआड. मला वाटलं, आता काही आपली धडगत नाही. तुम्ही हाक मारलीत आणि म्हणालात, "तुजं खरं हाय. पन न्हाई मारलं तर पोरं पाट दावून पळत्याल, मग ती लाठी कसली? तूच सांग, काय करायचं?" तुम्ही चिडून विचारत नव्हता. घास हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. आयुष्यात पहिल्यांदाच कोणा मोठ्या माणसाने मला खरोखरचं काही विचारलं होतं आणि मी खुळ्यासारखी गप्प. आई म्हणाली, "जेवू द्या आदी तिला."

खेळ रचताना तो प्रश्न पुन्हा पुढ्यात आला. आधी मी आयता वार ठेवला, तर सगळे राक्षसाभोवती कोंडाळं करून उभे राहिले आणि ज्वारी कांडावी तसे त्याला कांडत बसले. हलायला कोणी तयार नाही. थेट जत्राच. चिडून मी नियम काढून टाकला, तर राक्षस तलवारवालीच्या नाकासमोरून बाजाराला निघाल्यासारखा गेला आणि जिला वाचवायचं होतं त्या मागच्या म्हातारीला खाऊन आला. तेही तुम्ही सांगितलं होतं तसंच, मार नाही म्हटल्यावर पाठ दाखवायची भीतीच नाही. मी कितीतरी दिवस वैतागले होते. मग एका दुपारी कटिंग मशीनवर पत्रिका कापताना एकदम तुम्ही डोळ्यांपुढे आलात, खळ्याच्या मधोमध. अण्णा, तुमचा वार चुकत नव्हता, कारण तुम्ही स्वतः खेळत नव्हता! नुसते वाट बघत उभे होता. जो लढतोय त्याची काठी अर्ध्या वेळा भलतीकडेच असते, त्याला कुठला आलाय आयता वार? मशीन तसंच सोडून मी नियम लिहून काढला. ज्याला आयता वार हवा त्याने आपल्या पाळीचा वार सोडायचा, "राखण धरतो" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं आणि उभं राहायचं. मग त्याच्या आवाक्यातून जो निघेल त्याच्यावर एकच वार. बाकीच्यांनी खुशाल हलावं.

पुण्याचे एक प्रकाशक खेळ छापायला तयार होते, पण या नियमावर अडून बसले. परवा स्वतः आले. कापूरहोळच्या एका ढाब्याच्या माडीवर ते, मी आणि माझे नेहमीचे खेळणारे असे बसलो. "ताई, आयता वार सगळ्यांनाच हवा. लोकांना त्याचीच सवय आहे. नाहीतर मला हे छापता येणार नाही," असं त्यांनी बसतानाच सांगितलं. इतक्या वर्षांची मेहनत होती. मी नकाशा पसरला आणि म्हणाले, दोन्ही नियमांनी एकेकदा खेळून बघू. पहिली लढाई त्यांच्या नियमाने खेळलो. सगळे खुट्यावानी उभे आणि एक जण मोबाईल बघतोय. दुसरी माझ्या नियमाने, राक्षसांच्या बाजूने ते स्वतः बसले. आमच्यातले एसटीचे कंडक्टर किल्ल्याच्या दारात सोंगटी ठेवून म्हणाले, "म्या हितं राखण धरतो. तुमी पळा बिनघोर." आणि जे काही झालं म्हणता! तलवारवाली तटावर, मंत्रवाला भुयारात, सगळा नकाशा धावायला लागला. प्रकाशकसाहेबांचा सरदार दारातून निसटायला गेला, कंडक्टरांनी फासा टाकला आणि सरदार आडवा! आमचा आरडाओरडा ऐकून खालचा पोळ्यावाला हातातल्या पिठासकट वर आला. "भांडनं झाली का काय?" साहेब खुर्चीवरून उठून उभे होते. नकाशाकडे बघत म्हणाले, "नियम तुमचाच राहू द्या. आणि पुन्हा मांडा, मला दार राखायचंय." अण्णा, मी नाचायची तेवढी बाकी राहिले.

तुम्हाला लिहिलेले हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, दुकानाच्या खणात राहतील. पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवत नाही. आज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी एकटीनेच एक डाव मांडला. एक खळं काढलं, मधोमध राखण धरलेले तुम्ही, आणि तुमच्या अगदी पुढ्यातून निसटून जायचंय अशी एक पोरगी. तुमचा वार चुकला, अण्णा. पोरगी पार पलीकडे गेली आणि मी रिकाम्या दुकानात मोठ्याने ओरडले. फक्त तुमच्या वाटचा फासा मलाच टाकावा लागला, आणि तो घरंगळत होता तोवर मी मनात एकसारखी म्हणत होते, लहान पड, लहान पड.