दादा कामावर आहे

१ डिसेंबर, सोमवार
मोठे साहेब दवाखान्यात. पाठीचं ऑपरेशन, तीन आठवडे हलायचं नाही. म्हणजे गुरुवारी लोकसभेत अर्थव्यवस्थेवरच्या चर्चेला उत्तर मी द्यायचं. अर्थखात्याचे कॅबिनेट मंत्री ते, राज्यमंत्री मी. दीड वर्ष त्यांच्या मागच्या बाकावर बसून मान हलवली, आता तोंड हलवायचं.

माथुर (खाजगी सचिव) मसुदा घेऊन आला. अठरा पानं, त्यात 'मंदी' हा शब्द एकदाही नाही. 'गतीतील तात्पुरती शिथिलता' आहे, 'समायोजनाचा टप्पा' आहे. तामसीच्या शाळेत बावीस वर्षं निबंध तपासले. पोरगं अभ्यास न करता लिहितं तेव्हा अशीच वाक्यं येतात. लाल पेन काढला. माथुरचा चेहरा पाहिला, पेन परत ठेवला.

३ डिसेंबर
मसुदा मोठ्याने वाचून पाहिला. ऐकायला भिंत. एकही जिवंत माणूस नाही त्यात.

म्हणून आपल्याकडचं काहीतरी घालावं असं मनात आलं. दादा आदिलाबादच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे, तीस वर्षं झाली. तामसीहून पहिल्या बसने जातो. दर रविवारी सकाळी सातला त्याचा फोन, दहा मिनिटं. या रविवारीही विचारलं होतं, "जिनिंग चालू हाय नं?" "चालू हाय नं. बराबर चालू हाय. तू तुहं पाय."

माथुर म्हणाला, जिल्ह्याकडून खात्री करून घेऊ, दोन दिवस लागतील. मी म्हटलं, माझा सख्खा भाऊ आहे, याहून कसली खात्री?

४ डिसेंबर, गुरुवार
झालं. पंचावन्न मिनिटं. सुरुवातीला आवाज चिरका. मग समोरच्या बाकावरून एक जुने खासदार ओरडले की कारखान्यांना कुलपं लागताहेत, मंत्रीबाई कोणत्या देशात राहतात? मी कागद खाली ठेवला. म्हटलं, "मैं आदिलाबाद की हूँ। हमारे यहाँ की जिनिंग चालू है। मेरा सगा भाई आज सुबह वहाँ काम पर गया है।"

बाकं वाजली. खूप वाजली. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. शाळेत पहिला नंबर आल्यासारखं.

सातला बंगल्यावर. आठ खोल्या, मी वापरते दीड. कुणाला तरी सगळं पहिल्यापासून सांगावं असं वाटत होतं. स्वयंपाकी म्हणाला, पोळ्या गरम करू? दादाच्या घरी फोन लावला, उचलला नाही. मग जेवले.

६ डिसेंबर
गावात आज सगळे पांढऱ्या कपड्यात, विहारात वंदना. इथे रांगेत उभं राहून फुलं वाहिली, कॅमेरे होते. कुणीतरी कानात म्हणालं, 'भाई वाला' भारी होतं.

मो. सा. (मोठे साहेब) यांचा दवाखान्यातून निरोप: शाबास.
दादाला भाषणाचा व्हिडिओ पाठवला. पाहिलाय. उत्तर नाही.

७ डिसेंबर, रविवार
सात वाजले. आठ वाजले. फोन हातात घेऊन बसले होते, मंत्र्याला शोभत नाही. साडेआठला मीच केला. वहिनीने उचलला.

"ते वावरात गेले."
वावरात? दादा? मातीत पाय घालायचा त्याला लहानपणापासून कंटाळा. मी म्हटलं, वहिनी, काय झालंय?
तिनं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग, "बाई, तुमी असं काऊन बोलल्या टीव्हीवर?"

मग सगळं बाहेर आलं. जिनिंग यंदा उघडलीच नाही. दरवर्षी दसऱ्यानंतर उघडते. यंदा मालक आला, म्हणाला सुताला गिऱ्हाईक नाही, गेल्या सालच्या रुईच्या गठाणी तशाच पडून आहेत. कुलूप लावून गेला. तामसी-भीमपूरकडून जाणारी सगळी माणसं घरी. काही नागपूरला बांधकामावर गेली. दादाला या वयात बांधकामावर कोण घेईल.

सगळ्या गावाला ठाऊक. दादानेच घरोघरी सांगून ठेवलेलं, "सुमनले कोनी सांगू नका. तिच्या मांग काय कमी कटकट हाय?"

आणि त्या दिवशी माझं भाषण ऐकायला विहारात टीव्ही नेला होता. दादा पुढे बसला होता. मी ते वाक्य बोलले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, तुमी तं कामावर हाय म्हने. मंग इथं काऊन बसले?" हसले लोक. दादा उठून घरी आला, तेव्हापासून कुणाशी बोलत नाही.

फोन ठेवला. लाज वाटली. मग दादाचा राग आला. मग परत लाजच.

८ डिसेंबर
माथुरला विचारलं, सभागृहात चुकीचं बोललं गेलं तर? म्हणाला, अध्यक्षांची परवानगी घेऊन मंत्री दुरुस्ती वाचू शकतात. सहसा आकडा चुकतो, गावाचं नाव चुकतं. "पर मॅडम, किसी ने पूछा ही नहीं."

खरं आहे. एवढ्या मोठ्या सभागृहात आदिलाबादला एक फोन लावून बघावा असं एकालाही वाटलं नाही. मलाही नाही.

माथुरची तोड: जिनिंगपुरतं दुरुस्त करा, भावाचं वैयक्तिक आहे, ते सोडून द्या.
मो. सा. फोनवर हिंदीत, कण्हत कण्हत: एक वाक्य होतं, लोक विसरतील. तुम्ही उठून उभ्या राहिलात तर मात्र कुणी विसरणार नाही. मग मलाही काही करता येणार नाही.
म्हणजे खुर्ची जाईल. गोड बोलून सांगितलं.

९ डिसेंबर
दादाने उचलला एकदाचा.

मी: दादा, मी दुरुस्ती करून राह्यली.
"काई करू नको. माह्या नावानं अजून एकदा बोलू नको. एक डाव कामावर पाठवलं, आता साऱ्या देशासमोर घरी बसवतं काय?"
मग खोटं तसंच ठेवू?
"ठेव."
मी चिडले. म्हटलं, तू मले सांगाले पायजे व्हतं.
"तू इचारते, चालू हाय का. अन् म्या हो म्हनलं का लगेच दिल्लीचं सुरू करते. कवा सांगू?"
ठेवून दिला.

दुपारभर हिशेब लावत बसले, शेवटच्या रविवारी दहा मिनिटांत दादा किती बोलला. चार वाक्यं आठवली. बाकी सगळं मीच. कोण मला कसं बोललं, कोणत्या बैठकीत माझी खुर्ची कुठे होती.

११ डिसेंबर
दुरुस्तीची सूचना दिली. सोमवारी बारा वाजता. पाच ओळींचं निवेदन, स्वतः लिहिलं. भावाची ओळ लिहिली, खोडली, परत लिहिली. त्याने नको म्हटलंय. पण खोटं मी त्याच्याच नावाने बोलले, तर खरं निनावी कसं बोलू? शेवटी राहू दिली. त्याला कळवलं नाही. धीर नाही झाला.

१२ डिसेंबर
बातमी फुटली असावी. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये मी चहा घेऊन बसले, शेजारच्या दोघांना एकदम काम आठवलं. गेल्या शुक्रवारी याच दोघांनी भाषणाबद्दल मला पेढा भरवला होता.
बंगल्यावर दिवसभरात एकही माणूस नाही. फाटकावरचा शिपाईसुद्धा कंटाळला.
एकटी आहे. असं लिहून पाहिलं. लिहिल्याने काही फरक पडला नाही.

१४ डिसेंबर, रविवार
अकराला शिपायाचा फोन: गाँव से कोई आया है, थैला लेके।

दादा.

बसने नागपूर, तिथून जनरल डब्यात. दीड वर्षात हजारदा ये म्हटलं, कधी आला नाही. थैल्यात वहिनीने दिलेली जवसाची चटणी. विषयच काढला नाही. सगळ्या खोल्यांतून फिरला, दारं उघडून आत बघितलं. "यवढ्या घरात एकटीच राह्यतं तू?" म्हटलं, हो. "अन् जेवाले?" म्हटलं, एकटीच. माझ्या ताटात चटणी वाढली.

जेवण झाल्यावर म्हणाला, "टीव्हीवर सांगून राह्यले, तू उद्या दुरुस्ती करते म्हने. तिथं वरून पाह्यतेत ना लोकं. मले भेटते काय जागा?"

माथुरला बोलावलं. प्रेक्षक गॅलरीच्या पासचा अर्ज. मी भरायला घेतला. नाव. वय. मंत्र्यांशी नातं: भाऊ. पुढचा रकाना, व्यवसाय. हात थांबला. मी दादाकडे बघितलं नाही, अर्जाकडेच बघत राहिले. मगाशी जेवताना आम्ही चटणीच्या तिखटावर हसत होतो.

त्याने माझ्या हातून पेन घेतला. गोल, सावकाश अक्षर, चौथीतलंच अजून. लिहिलं: काम नाही.

"हे म्या लिहलं," म्हणाला. "तू उद्या फकस्त वाच."

माथुरला मराठी येत नाही. तरी त्याने अर्ज दोन्ही हातांनी घेतला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. अठ्ठावन्न वर्षांची बाई.

१५ डिसेंबर, सोमवार, सकाळ
आज बारा वाजता. माथुर म्हणतो, समोरचे राजीनामा मागणारच, आणि आपले वाचवायला उठतील असं दिसत नाही. मो. सा. यांचे दोन फोन, घेतले नाहीत. संध्याकाळी या घराची किल्ली कुणाकडे असेल, माहीत नाही.

दादाने पांढरा सदरा स्वतः इस्त्री केला, स्वयंपाक्याला हात लावू दिला नाही. आरशापुढे केस बसवत विचारतो, "तू उभी राह्यशील तवा म्या बी वर उभं राहू काय?"

म्हटलं, नाही रे, गॅलरीत उभं राहू देत नाहीत. लगेच बाहेर काढतात.

"बरं," म्हणाला. "मंग बसून राह्यतो."