निर्गुडीला सांगायचं नाव

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझं वय आता तुझ्या शेवटच्या वयाच्याही पुढे गेलं आहे. तरी काही विचारायचं निघालं की तूच आठवतेस, म्हणून लिहायला बसलो. सातवीपर्यंतची शाळा, आणि पुढे लातूरच्या डाळमिलमध्ये काट्यावर बसून वजनं लिहिण्यात जन्म गेला. सलग लिहायची हाताला सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे. तुझी सून आजारी आहे. दिवाळी झाल्यावर एका सकाळी ती गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायला गेली आणि तांब्या पडल्याचा आवाज आला. मी आतूनच ओरडलो, "काय पाडलंस आता?" जाऊन बघतो तर ती खाली पडलेली. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणलं त्याला बरेच दिवस झाले. गोळ्या चालू आहेत, हातापायाचा व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. बाकी वेळ ती छताकडे बघत पडून असते. मी खाटेजवळ बसतो, उठतो, दारापर्यंत जातो, परत येऊन बसतो. नातू म्हणतो, "आबा, तुम्ही एका जागी बसा ना, तुमच्यामुळं आजीला गरगरायचं." मला एका जागी बसता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

असं येरझारा घालताना आपलं मुखेडकडचं घर फार डोळ्यांसमोर येतं. चुलीवर तवा आहे, तव्यावर निर्गुडीचा पाला वाफाळतोय, आणि त्या कडवट वासानं सगळं घर भरलंय. गावातलं कुणी ना कुणी गुडघा धरून ओसरीवर बसलेलं आहे. तू पाला फडक्यात बांधतेस आणि आधी स्वतःच्या गालाला लावून बघतेस. तुझ्याजवळ सगळ्याला रीत होती. प्राजक्त तेवढा खाली पडलेला चालतो, बाकी कुठलं फूल मातीतलं उचलून देवाला वाहायचं नाही. बारशीला, म्हणजे एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, तुळस तोडायची नाही. दिवस कलल्यावर झाडाला हात लावायचा नाही, ते झोपलेलं असतं. आणि वास घेतलेलं फूल तर देवाच्या कामाचंच नाही. त्या शेवंतीचं तुला आठवतं का? पत्र्याच्या डब्यात लावलेली, पहिलं फूल माहूरच्या देवीला म्हणून तू राखलेली. मी शाळेतून आलो आणि काही कळायच्या आत नाक लावून मोकळा झालो. तू मारलं नाहीस. फूल खुडलंस आणि माझ्या कानावर खोचलंस. म्हणालीस, "आता हिंड गावभर. देवीला तुझं उष्टं जमत न्हाई." दिवसभर ते फूल कानावर घेऊन हिंडलो. पोरं हसली. रात्री मला तापच आला, देवी कोपली या धास्तीनं. तू कपाळावर हात ठेवून म्हणालीस, "येडा हाय का तू? देवीला काय दुसरं काम न्हाई?" तो हात अजून कपाळावर आहे असं वाटतं कधी कधी, आणि मग नसतो.

मला निर्गुडीचं विचारायचं होतं. पाला आणायच्या आदल्या दिवशी तू झाडाला आवतण द्यायला जायचीस. ऊन उतरायच्या आत, हळदकुंकू, अक्षता आणि सुपारी घेऊन. उद्या येते म्हणून सांगायचीस, कुणासाठी ते सांगायचीस. सकाळी कुणाशी न बोलता पाला आणायचीस. एकदा शेजारच्या गावचा एक जण त्याच्या सासूसाठी आला होता. तू विचारलंस, "पाळण्यातलं नाव काय म्हातारीचं?" तो म्हणाला, "सासूचं नाव कोन इचारतं मावशी? म्हातारी म्हनून सांगा." तू म्हणालीस, "म्हाताऱ्या लई हायत. झाड कोनाला वळखल? जा, इचारून ये." तो खरोखर परत गेला. तेव्हा मला तुझा राग आला होता, एवढ्या उन्हात माणसाला परत पाठवलंस म्हणून. तू मला सांगितलंस की सासरचं नाव माणसांच्या सोयीचं असतं, पाळण्यातलं नाव देवासमोर ठेवलेलं असतं, झाडाला तेवढंच कळतं.

तर माय, माझी अडचण तिथेच झाली. व्यायामाची मुलगी म्हणाली, "आबा, आजींशी बोलत राहा. त्यांना नावानं हाक मारा, त्यानं फरक पडतो." मी हो म्हणालो आणि कान तापले. मी उभ्या जन्मात हिला नावानं हाक मारलेली नाही. अगं, ऐकलंस का, यावरच संसार झाला. तिचं सासरचं नाव तूच ठेवलेलं, ताटातल्या तांदळावर माझ्याकडून बोटानं गिरवून घेतलेलं. त्यानंतर ते मी रेशनच्या दुकानात आणि दवाखान्याच्या खिडकीत सांगितलं असेल, तिला कधीच नाही. आणि पाळण्यातलं तर मला आठवेना. तिच्या माहेरी सगळे तिला अक्काच म्हणायचे. एवढी वर्षं एका घरात राहून मला बायकोचं नाव माहीत नाही, हे कुणाला विचारू? माझ्या सुनेला विचारायची लाज वाटली. शेवटी गॅलरीत जाऊन, दार लोटून, मुखेडला मेव्हण्याला फोन लावला.

"तुमच्या अक्काचं पाळण्यातलं नाव काय होतं?"

तो म्हणाला, "दाजी, आता स्थळ बघून राहिलाव का तिला?"

मी म्हणालो, चेष्टा नको, निर्गुडीला सांगायचंय. मग तो हसला नाही. आमच्या मायच्या पाठची मावशी लहानपणी गेली होती, तिचं नाव अक्काला ठेवलं होतं, असं म्हणाला आणि नाव सांगितलं. साधं नाव आहे, एका नदीचं. फोन ठेवताना "लई वर्सं झाली, कोनी घेतलंच न्हाई ते," म्हणाला.

जुन्या मिलच्या मागे नाल्याच्या कडेला निर्गुडी आहे, कामावर असताना बघून ठेवलेली. ऊन असतानाच गेलो. हळदकुंकू वाहिलं, सुपारी ठेवली. अक्षता घरातल्या डब्यातून घेतल्या होत्या, तिथे पोचल्यावर हातात बघतो तर निम्मे तुकडे. अक्षता अख्ख्या लागतात, हे तूच शिकवलेलं. परत घरी जावं तर दिवस कलणार. तिथेच बसून तळहातावर अख्खा अख्खा दाणा निवडला. मग नाव घेतलं. आधी तोंडातल्या तोंडात, मग जरा मोठ्यानं. सांगितलं की ही माझी बायको आहे, तिच्यासाठी उद्या येतो. सकाळी पाला तोडून परत येत होतो तर मिलचा रखवालदार आडवा आला. म्हणाला, "काय काटेवाले मामा, बकरी पाळली का?" मला बोलायचं नव्हतं. मान हलवली. "किती दूध देती?" तो म्हणाला. मी चालू लागलो. तो मागून म्हणत राहिला, "मामा, काय राग आला का?" आता त्या बिचाऱ्याला वाटत असेल, म्हातारा माजला. जाऊन सांगायला हवं, अजून झालेलं नाही.

सुनेनं आधी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, कोमट असेल तर शेका, गोळ्या मात्र चुकवू नका, आणि त्यांच्या हाताला चटका कळत नाही, एवढं ध्यानात ठेवा. मी फडकं माझ्या गालाला लावून बघितलं, परत लावून बघितलं, सून म्हणाली, "आबा, गार होईल ते." मग हिच्या उजव्या मनगटावर ठेवलं. घरात तो वास पसरला. सून चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी वाकून हिच्या कानाशी ते नाव घेतलं. काही झालं नाही. मी परत घेतलं. आणि माय, ती "ओ" म्हणाली. स्वच्छ. लहान पोरीनं अंगणातून द्यावी तशी ओ. माझ्याकडे बघून नव्हे, दाराकडे बघून. तिथे कुणी उभं असल्यासारखी. सून धावत आली, "आई बोलल्या का?" म्हणाली. मी फडकं उचलून परत गालाला लावलं.

त्यानंतर रोज शेकतो आणि रोज नाव घेतो. कधी ओ येते, कधी येत नाही. हात अजून हललेला नाही. बरी होईल का, विचारलं तर डॉक्टर म्हणतात, बघू. तुटक्या अक्षतांनी काही अडलं का, रखवालदारासमोर मान हलवली ते बोलण्यात धरतात का, हे तू असतीस तर सांगितलं असतंस. हा कागद कुठल्या पेटीत टाकणार? उद्या फडक्याखाली घडी करून ठेवीन, पाल्याचे डाग पडले की केरात जाईल.

एक सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही. तिनं ओ दिली तेव्हा मला बरं वाटलं, आणि त्याच घटकेला तिचा हेवा वाटला. मी इथे आबा आहे, मुखेडला दाजी, मिलवर मामा. माझं नाव घेऊन बोलावणारं तुझ्यानंतर कुणी राहिलं नाही. काल दुपारी ती झोपलेली, घरात दुसरं कुणी नाही. मी न्हाणीत गेलो, दार लावलं आणि माझं नाव घेऊन बघितलं, तू घ्यायचीस तसं, शेवटचं अक्षर लांबवून. ओ द्यायला तोंड उघडलं होतं. पण आवाज माझाच होता.