न लागलेल्या नोकरीतून मुक्त करणेबाबत

प्रति,
मा. रोजगार अधिकारी,
रोजगार साहाय्य कार्यालय, पहिला मजला.

विषय: माझी बंद केलेली नोंदणी बुधवारपर्यंत पुन्हा सुरू होण्याबाबत.
संदर्भ: खिडकी क्रमांक दोनवरून मिळालेली 'नोंदणी बंद' ही चिठ्ठी.

महोदय,

१. मी शिलाई मशीन दुरुस्त करणारी कारागीर असून, कपड्यांचा कारखाना बंद पडल्यापासून गेले आठ महिने आपल्या कार्यालयातील बाकावर रोज दहाच्या ठोक्याला हजर असते. इतके नियमित आपले कर्मचारीही नसतात, असे आपले शिपाईमामा म्हणतात. मी म्हणत नाही.

२. आपल्या फलकावर रिकाम्या जागांच्या चिठ्ठ्या येतील तशा एकीवर एक टाचल्या जातात. त्यामुळे स्वयंपाक्याची जागा वेल्डरच्या जागेखाली दडते आणि सापडेपर्यंत मुदत टळून जाते. हात रिकामेच होते, म्हणून मी त्या सगळ्या सोडवून धंद्याप्रमाणे ओळीने लावल्या. मुदत जवळ आलेल्या वर घेतल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवल्या. चार महिन्यांत सतरा जण कामाला लागले. यात उपकार काही नाही. नुसते बसून माणूस कंटाळतो.

३. गेल्या महिन्यात तपासणीला वरिष्ठ साहेब आले. फलक पाहून थबकले. ही मांडणी कशी चालते ते मी समजावून दिले. साहेब खूश झाले आणि 'फलक विभागातील महिला कर्मचारी अत्यंत तत्पर' असा शेरा मारून गेले. फलक विभाग नावाचा विभागच नाही, हे त्यांना सांगायला कोणाची जीभ रेटली नाही. उलट साहेबांचा शेरा खोटा पडू नये म्हणून खिडकीवरच्या बाईंनी माझ्या नावापुढे 'नोकरी लागली' असे लिहून टाकले.

४. मी जाब विचारला, तर बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही आमच्याकडेच लागलात ना?" पगाराचे विचारले, तर म्हणाल्या, "ते वरून येतं, आम्हाला काय माहीत?" नोंदणी पुन्हा उघडायची, तर आधीच्या ठिकाणचे काम सोडल्याचा दाखला लागतो. आधीचे ठिकाण म्हणजे आपलेच कार्यालय. आपले लिपिक म्हणतात, तुम्ही इथे कधी कामाला नव्हताच, तर सोडल्याचा दाखला कसा देऊ? त्यांचे बरोबर आहे. बाईंचेही बरोबर आहे. मधल्या मध्ये मी लटकले आहे. तिकडे सासूबाईंनी सूनबाई साहेबांच्या हाताखाली लागली म्हणून शेजारीपाजारी सांगून टाकले. आता दुपारी लवकर घरी जायची सोय राहिलेली नाही.

५. एवढे सगळे मी हसण्यावारी नेले असते. परंतु शुक्रवारी फलकासाठी एक चिठ्ठी आली: शिलाई मशीन कारागीर, जागा एक, गुरुवारी सकाळी चालू नोंदणीसह हजर राहावे. आठ महिन्यांत माझ्या धंद्याची ही पहिलीच चिठ्ठी. टाचणी हातात धरून मी ती पुन्हा पुन्हा वाचली.

६. तेवढ्यात बाकावरच्या एका गृहस्थांनी विचारले, "ताई, मशीनवाल्यांसाठी काही आलंय का हो?" ते माझ्याच धंद्यातले. त्यांना वाचता येत नाही, आणि त्यांची नोंदणी मात्र चालू आहे. नाही म्हणावे असे माझ्या मनात आले होते, ते लपवत नाही. त्याची मला लाज वाटली. मी चिठ्ठी दोनदा वाचून दाखवली, पत्त्यासकट.

७. तरी माझा राजीनामा सोबत जोडला आहे. मी कधीच न केलेल्या नोकरीचा तो असला, तरी आपण मंजूर केल्यास दाखला देण्यास लिपिकांना अडचण उरणार नाही. गुरुवारी आम्ही दोघांनी एकाच दारात उभे राहावे, एवढेच मागणे आहे. जागा त्या गृहस्थांना मिळाली तरी माझी तक्रार नसेल; मात्र मशीन समोर ठेवून, दोघांचे काम पाहून मिळावी. माझा हात त्यांच्यापेक्षा चांगला आहे. हे त्यांच्यासमोर बोलवले नाही, म्हणून आपल्याला लिहिले.

आपली नम्र,
शिलाई मशीन कारागीर
(सही)
सोमवार, सकाळी पावणेदहा

सोबत: १. 'नोंदणी बंद' चिठ्ठी. २. राजीनामा, दोन प्रतींत.