दोन पिकअप, एक गुडघा

४ फेब्रुवारी २००२, सोमवार

फियाट गेली. एकतीस वर्षं चालवली. स्टिअरिंगखालचा गिअर तिसऱ्यात कुठे अडकतो, थंडीत चोक किती ओढायचा, हे माझ्याशिवाय घरात कुणालाच कळलं नाही. नवऱ्याला, विश्वनाथला, तर नाहीच. सेक्टर तीसच्या लॅबमध्ये त्याने जन्मभर सूक्ष्म उपकरणं बनवली, पण गाडी शिकला नाही.

आता पिकअप घ्यायची. डिझेलची. जुनी चालेल. मोरनीच्या रस्त्यावर आमची दोन कनाल, म्हणजे दहाएक गुंठे, जमीन आहे, तिथे अळू लावतेय. चंडीगढ, मोहाली आणि पंचकुला मिळून सदतीस मराठी घरं मी मोजली आहेत. डॉक्टर, प्रोफेसर, एअर फोर्सवाले. सगळ्यांना अळूवडी हवी असते आणि इथला भाजीवाला फक्त कंद विकतो. पानं म्हशीला घालतो.

अळूच्या पानांना एक टनाची गाडी कशाला, असं विश्वनाथने विचारलं. मी म्हटलं, शेणखत तू डोक्यावरून आणणार आहेस का?

ही रोजनिशी मराठीत लिहायची. मुलाचं, शिशिरचं, पोस्टिंग तेजपूरला असल्यामुळे नात आश्लेषा आमच्याकडे राहते. वय एकोणीस. तिला मराठी कळतं पण वाचता येत नाही, उत्तरं हिंदीत देते. इंग्रजीत लिहिलं तर युनिव्हर्सिटीभर होईल.

संकल्प: पंधरा दिवसांत गाडी दारात.

६ फेब्रुवारी, बुधवार

दोन गाड्या सापडल्या.

पहिली मनीमाजऱ्यात, गुरमेल सिंग मिस्त्रीकडे. १९९४ची, देशी, पाच गिअर. दुसरी मोहालीत, नैरोबीहून कायमच्या परतलेल्या मिसेस भोगल यांची. १९९१ची, जपानी, ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नाहीच. दांडा 'डी'वर ठेवायचा आणि बसून राहायचं.

याला ड्रायव्हिंग म्हणत नाहीत. जे कुणीही चालवू शकतं ते वाहन नव्हे, पाळणा. नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा टेकून बसलेली मुलगी दिसली की तिची खुर्ची काढून घेत. उरलेला तास उभं. ऑटोमॅटिक म्हणजे टेकून बसणं.

तरी मी न्यायी आहे. बत्तीस वर्षं भूगोलाचे पेपर तपासले, त्यातली शेवटची नऊ व्हाइस प्रिन्सिपल म्हणून. दोन्ही गाड्यांना शंभरपैकी गुण देणार.

गुडघ्याचा यात काही संबंध नाही. डावा गुडघा थंडीत जरा धरतो. इथल्या थंडीत सगळ्यांचाच धरतो.

१० फेब्रुवारी, रविवार

निकाल: मॅन्युअल ८१, ऑटोमॅटिक ४३.

मोरनीच्या उतारावर खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. आणि गिअरबॉक्स बिघडली तर कुठलाही मिस्त्री उघडून दुरुस्त करतो. ऑटोमॅटिकची बिघडली तर बहुधा नैरोबीला पत्र लिहायचं.

विश्वनाथने गुणपत्रिका चष्मा वर करून वाचली. 'व्यक्तिमत्त्व' या विषयात मॅन्युअलला वीसपैकी वीस कसे, म्हणे. परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो, असं सांगितलं.

१३ फेब्रुवारी, बुधवार. दुपार.

विश्वनाथने आगाऊपणा केला. मला न सांगता बसने मनीमाजऱ्याला गेला आणि गुरमेलच्या गाडीचा क्लच स्प्रिंग बॅलन्सने मोजून आला. सतरा किलो. मग आम्ही शेतावर जायचो तेव्हाची आठवण काढून कागदावर हिशेब मांडला: चौक, फाटक, बाजार, चढ, जाऊन-येऊन दोनशे बारा वेळा क्लच. म्हणजे रोज साडेतीन टन वजन डाव्या पायाने. वर म्हणतो, वसुधा, एवढं तर मालगाडीचे हमाल उचलत नाहीत.

मी म्हटलं, एकतीस वर्षं उचलत होते तेव्हा तू तराजू घेऊन का आला नाहीस? तेव्हा तू जिना न थांबता चढायचीस, असं म्हणाला.

माणूस निवृत्त झाला की घरात फार निरीक्षणं करतो.

१७ फेब्रुवारी, रविवार

गुरमेलच्या गाडीची ट्रायल. गुरमेल बाजूला, विश्वनाथ मागे उघड्या हौद्यात. त्यानेच हट्ट धरला, तिथून निरीक्षण चांगलं होतं म्हणे.

बाजारातून उत्तम काढली. मग रेल्वेचं फाटक बंद. चढावर उभं राहावं लागलं. मालगाडी संपेचना. क्लच दाबून धरला होता. फाटक उघडलं, मागे सगळ्यांनी हॉर्न लावले आणि नेमक्या त्याच वेळी गुडघा अडकला. अडकला म्हणजे पाय पुढेही जाईना, मागेही येईना. गाडी सावकाश मागे जाऊन गाजरांच्या रेहडीला, म्हणजे हातगाडीला, टेकली. गाजरवाला ओरडला. हौद्यातून विश्वनाथ म्हणाला की तो ठीक आहे. कुणी विचारलं नव्हतं.

क्लच प्लेट गेलेली आहे असं मी गुरमेलला स्पष्ट सांगितलं. तो अदबीने म्हणाला, मॅडमजी, क्लच तां मक्खन है, परवाच नवा टाकला. मग सीट चुकीची आहे, मी म्हटलं. तो म्हणाला, मॅडमजी, थोडी देर चा पी लो, पैर सीधा हो जाएगा.

चहा घेतला नाही. गाजरं मात्र घ्यावी लागली. पाच किलो.

१८ फेब्रुवारी, सोमवार

विचार केला. दोष सँडलचा. सपाट बूट घालून पुन्हा ट्रायल घेणे.

रोज सकाळी गुडघ्याचा व्यायाम, वीस वेळा. आजपासून.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

व्यायाम: सहा वेळा. धुकं होतं.

गाजरहलवा.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

केवळ न्याय म्हणून ऑटोमॅटिकचीही ट्रायल घेतली. मोहालीत मिसेस भोगल यांच्या दारात. सत्तरीच्या आहेत, पांढरा सलवार-कमीज, पायांत स्पोर्ट्स शूज. अकरा वर्षं त्यांनीच ही गाडी चालवली, आता मुलगा नको म्हणतो म्हणून विकताहेत. मला आपादमस्तक बघून म्हणाल्या, भैणजी, खब्बे पैर नूं पेन्शन दे दे. आपण दोघी रिटायर झालो, डाव्या पायानेच काय घोडं मारलंय?

मला अशी सलगी आवडत नाही.

गाडी निघाली, म्हणजे आपोआपच निघाली. पहिल्या चौकात मी सवयीने डावा पाय क्लचवर मारला. तिथे क्लच नाही. हातभर रुंद ब्रेक आहे. गाडी जागच्या जागी थांबली आणि विश्वनाथचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. दुसऱ्या चौकात पुन्हा. तिसऱ्या चौकाच्या आधी त्याने दोन्ही हात पुढे टेकवून ठेवले, त्यामुळे फार लागलं नाही.

मिसेस भोगल मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाल्या की सुरुवातीला सगळ्यांचं होतं, डावा पाय दुमडून मांडीखाली घे, मग तो शहाणा राहतो. मी सांगितलं की माझ्या साडीत ते बसत नाही. त्या म्हणाल्या, साडी दा की कसूर?

ऑटोमॅटिकचे पाच गुण आणखी कमी केले.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

पंधरा दिवस होऊन गेले. गाडी नाही. आश्लेषा म्हणते, आजी, टॅक्सी कर लो ना, टेन्शन खत्म. मी टॅक्सीत बसून शेतावर जाऊ? शाळेतल्या मुली माझी फियाट लांबून ओळखायच्या आणि च्युइंगगम गिळून टाकायच्या.

अळूचे कंद पोत्यात मोड काढून बसलेत.

३ मार्च, रविवार

लायसन्स या महिनाअखेर संपतंय. साठी उलटलेल्यांना डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. आमचे जयंत आहेतच. मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये हाडांचे डॉक्टर, मूळ अमरावतीचे, गणपतीत माझ्या हातचे मोदक खातात. सहीचं काम, दोन मिनिटांत होईल. ठरलं, मॅन्युअलच घ्यायची. गुरमेलला निरोप दिला की इतर कुणाला दाखवू नकोस.

६ मार्च, बुधवार

दोन मिनिटांत झालं नाही.

जयंत म्हणाले, वसुधाताई, जरा खाली बसून उठून दाखवा. मी म्हटलं, व्हाइस प्रिन्सिपलने उकिडवं बसण्याचा प्रघात नाही. मग त्या टेबलावर चढा, म्हणाले. चढले. किती वेळ लागला ते सांगता येत नाही, पण तेवढ्यात जयंतनी खिडकीबाहेर बघायचं ठरवलं. हाताखालच्या मुलीला चहा आणायला पाठवलं. माझ्यासमोर असं सभ्य वागलेलं मला अजिबात आवडत नाही.

एक्स-रे लावला. दोन हाडांच्या मध्ये जी जागा असते, ती नाही. फाटकावर घडलेलं विश्वनाथने सांगून टाकलं. गाजरांसकट.

जयंतनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ताई, डोळे चांगले, कान चांगले, तोंड तर उत्तमच. क्लचची गाडी घेणार असाल तर मी सही करणार नाही, फाटकावर पुढच्या वेळी गाजरंच असतील असं नाही. ऑटोमॅटिक घेणार असाल तर आत्ता करतो.

मी उठले. म्हणजे उठायला लागले. शेवटी दोघांनी धरलं.



७ मार्च, गुरुवार

नोंद नाही.

९ मार्च, शनिवार

गुणांची फेरतपासणी केली. माझ्या काळात शाळेतही होत असे, त्यात कमीपणा नाही. आधीच्या निकालात एक बाब सुटली होती: सोबत्याचं वय. विश्वनाथ अडुसष्ट वर्षांचा आहे. गिअर बदलताना बसणारे हिसके त्याच्या पाठीला चांगले नाहीत. सुधारित निकाल: ऑटोमॅटिक ८४, मॅन्युअल ५२.

निव्वळ त्याच्यासाठी मी ऑटोमॅटिक घेत आहे. त्याला तसं सांगितलं. त्याने थँक यू म्हटलं आणि वर्तमानपत्र वर धरलं. वर्तमानपत्र हलत होतं.

जयंतनी सही केली.

१६ मार्च, शनिवार

गाडी दारात. डाव्या गुडघ्याखाली उशी बांधली आहे, पाय ब्रेकपर्यंत पोचतच नाही. कुणी विचारलं तर उशी पाठीची आहे.

शेतापर्यंत मीच नेली, मीच आणली. फाटक बंद होतं. उजवा पाय ब्रेकवर, डावा उशीवर. फाटक उघडलं, निघाले. काहीच झालं नाही. कंद लावून झाले.

गाडी चांगली आहे. हे फक्त इथे लिहीत आहे.

३१ मार्च, रविवार

आश्लेषा काल म्हणाली, आजी, मैं चलाऊं? मी म्हटलं, हे शिकायला वर्षं लागतात. ती बसली, 'डी' टाकला आणि सेक्टर सतराला जाऊन कुल्फी घेऊन आली. आजी, इसमें सीखने का है क्या?

विश्वनाथ विचारात दिसला.

१४ एप्रिल, रविवार

विश्वनाथने लर्निंग लायसन्स काढलं. अडुसष्टाव्या वर्षी. मिसेस भोगल मोहालीच्या मोकळ्या मैदानात शिकवतात. चार दिवसांत आलं म्हणे. एकतीस वर्षं मी त्याला पोचवलं, आणलं, पावसात लॅबच्या फाटकाशी उभी राहिले. त्याला बायको लागत नव्हती, ऑटोमॅटिक लागत होती.

आता तो वीसच्या वेगाने जातो आणि गाणं म्हणतो.

२५ एप्रिल, गुरुवार

सकाळी साडेसहाला अळूला पाणी द्यायला निघाले. गाडी नाही. विश्वनाथ आणि मिसेस भोगल शेतावर गेलेले, मला झोपू दिलं म्हणे. काल आश्लेषाने मैत्रिणीचं सामान हॉस्टेलवर पोचवलं. परवा जयंतच्या घरचा सोफा. सगळ्यांना गाडी येते, सगळ्यांना गाडी लागते.

मी कडक शब्दांत तक्रार केली. आश्लेषाने टाइमटेबल करून फ्रिजवर लावलं. शाळेत टाइमटेबल मी करायचे. माझी पाळी: मंगळवार, दुपारी दोन ते चार.

मे महिन्यात. दुपारी दोनला.

३० एप्रिल, मंगळवार

गेले नाही. डोकं दुखत होतं.

संकल्प: पुढच्या मंगळवारी काहीही झालं तरी.

७ मे, मंगळवार

दोन वाजता गाडी दारात, किल्ली माझ्या हातात. पहिली पानं काढायची होती, सात घरांच्या ऑर्डरी आहेत. उशी बांधली. गुडघा सकाळपासून भरून आला होता. ऊन इतकं की स्टिअरिंगला हात लावता येईना.

पाच मिनिटं बसून राहिले. विश्वनाथ फाटकाशी उभा होता. मीच म्हटलं, तुझी प्रॅक्टिस व्हायला हवी, तू चालव. उतरले आणि गाडीला वळसा घालून पलीकडे गेले.

शेतापर्यंत त्याला नऊ सूचना केल्या. सात त्याने पाळल्या. गाणं म्हटलं नाही.

पोचल्यावर माझ्या बाजूचं दार आतून उघडेना. खटका हलतो, दार हलत नाही. या बाजूला मी आजवर कधी बसलेच नव्हते, कळणार कसं? तो गाडीला वळसा घालून आला, दार उघडलं आणि हात पुढे केला. शेजारच्या शेतातली बाई बघून हसली. नवरा किती करतो, असं तिला वाटलं असणार.

खटका दुरुस्त करून घ्यायला हवा. उद्याच गुरमेलकडे जाईन.

उद्या गाडी आश्लेषाकडे आहे.