लेकीच्या खोलीतला बास

३ मार्च, सोमवार

शेवटी पेट्या आत गेल्याच! लेकीच्या खोलीत. मी औषधाच्या दुकानातून ड्युटी संपवून येते तो काय— तिचा पलंग सुटा करून माळ्यावर, कपाट गॅलरीत, गादी माझ्या शिलाई मशीनमागे उभी. आणि मोकळ्या खोलीत दोन लाकडी पेट्या, माझ्या कमरेएवढ्या. स्पीकर म्हणे! हे निवृत्त झाल्यापासून घरात जी ठोकाठोकी चालली होती ती या दोन कपाटांसाठी.

"खोली रिकामीच पडली होती ना," म्हणाले. लग्न झालं म्हणून पोरीची खोली रिकामी? मी जेवायला वाढलं, बोलले नाही. यांना ते कळलंसुद्धा नाही. आजपासून यांचं नाव ध्वनिमहर्षी.

६ मार्च, गुरुवार

दुपारी दुकानात लेकीचा फोन. आधी नुसतंच इकडचं तिकडचं. मग एकदम— "आई, माझी खोली आहे ना गं अजून?"

म्हटलं, "आहे की! जशीच्या तशी." धडधडीत खोटं.

मारहाण नाही, व्यसन नाही. जावई बोलतच नाही तिच्याशी. आठवडेच्या आठवडे. "भिंतीशी संसार करतेय गं मी," म्हणाली. महिनाअखेर येणार, कायमची. "बाबांना एवढ्यात सांगू नकोस. त्यांना सहन व्हायचं नाही."

गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला खोकल्याऐवजी पोटाचं औषध दिलं. परत बोलावून बदलून दिलं.

म्हणजे महिनाअखेरपर्यंत खोली परत मिळवायची. तीही यांना काही न सांगता. कशी, ते देव जाणे.

८ मार्च, शनिवार

आज महर्षी रांगले! बास, म्हणजे गाण्यातला खालचा जाड आवाज, कुठे चांगला येतो ते शोधायचं म्हणे. पद्धत अशी— ऐकणाऱ्याच्या जागी पेटी ठेवायची आणि पेटीच्या जागी आपला कान न्यायचा. तेव्हा माझ्या आरामखुर्चीत बसली पेटी, आणि हे गुडघ्यांवर, भिंतीला कान लावून, खोलीभर. कोपऱ्यात थांबायचे, मान हलवायचे, पुढे.

तेवढ्यात शेजारचे वकील पेपर मागायला दारात. "काय हरवलं हो?"

"बास," हे म्हणाले.

वकीलही बसले की खाली! पलंगच नव्हता, तरी पलंगाखाली बघावं तसे वाकून वाकून बघत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

९ मार्च, रविवार

मला श्रोता म्हणून बसवलं. खुर्चीत बसलं की रिकामा पिंप बडवावा तसा आवाज— एकच सूर, कुठलंही गाणं लावा. दाराशी उभं राहिलं की बास गायब! दोन पावलांत एवढा फरक? हे मात्र खरंच मजेशीर आहे. यांना सांगितलं नाही.

पेटी आधी बंद होती, तेव्हा आवाज कोरडा यायचा. म्हणून भोक पाडून प्लंबरचा पाइप बसवला. आता घुमतो. त्यात पेटी कोपऱ्यात ठेवली की आणखी फुगतो. पण दोष पेटीचा नाही बरं का! दोष खोलीचा. उघड्या भिंतींवर बास आपटतो, परत येतो, कोपऱ्यांत साचतो.

"मग खोली उघडी केली कुणी?" मी म्हटलं.

तेवढ्यात यांचा फोन वाजला, गॅलरीत गेले. बऱ्याच वेळाने परत आले ते डोळे लाल. "धूळ गेली. पॉलिश पेपरची." चष्मा लावून डोळ्यांत धूळ! या माणसाला काहीही जमतं.

१२ मार्च, बुधवार

काय सांगू! सकाळी चहा पिताना स्वतःहूनच— "कोपऱ्यात काहीतरी जाड, मऊ पाहिजे. बास पिऊन टाकणारं. गादी चालेल."

गादी! आयतीच चालून आली. मीच एक टोक धरलं. आणि गंमत म्हणजे घुमणं खरंच कमी झालं. पण मी कसली कबूल करतेय? तोंड वाकडं करून म्हटलं, "छे हो, अजून घुमतोय."

"वाटलंच मला," म्हणाले.

१५ मार्च, शनिवार

पलंग उतरला! गादीखाली हवा खेळायला हवी म्हणे. मी म्हटलं, पडद्याचं काय? लगेच पडदे. जाडवाले, तिचेच. मग कपाट. "रिकामं कपाट स्वतःच थरथरतं. कपड्यांनी गच्च भरायला हवं." तिच्या कपड्यांची ट्रंक मी वाऱ्यासारखी आणली.

महर्षींना बोटावर नाचवतेय मी. एवढे शिकलेले, एवढे हिशेबी, आणि बायको म्हणते म्हणून यांना बास घुमताना ऐकू येतो!

१९ मार्च, बुधवार

तिचा टेबललॅम्प मागितला. "दिव्याचा आणि बासचा काय संबंध?" "असतो." असू दे बाई. मी उकरून काढलं नाही.

२३ मार्च, रविवार

आज ऐकलं. चेष्टा बाजूला— सुंदर! मागचं जाड तारेचं वाद्य पहिल्यांदा कळलं. एकेक सूर सुटा, यायचा आणि वेळेवर निघून जायचा. पिंप नाही, काही नाही. मी दोन गाणी जास्त बसले.

यांचं लक्षच नव्हतं. पलंगावरची चादर सारखी करत होते. "जमली खोली," एवढंच म्हणाले.

आता मला वाईट वाटायला लागलंय. आयुष्यात एक गोष्ट मनासारखी झाली यांची, आणि मी सांगणार, उचला पेट्या. जीभच रेटत नाही. उद्या सांगते.

२४ मार्च, सोमवार

नाही सांगितलं.

२८ मार्च, शुक्रवार

आजही नाही. उद्या ती येणार. मी शुद्ध भित्री आहे!

२९ मार्च, शनिवार

दुकानातून धावत आले. जिन्यातच ऐकू आलं— पिंप! पेट्या हॉलमध्ये, दोन्ही कोपऱ्यांत कोंबलेल्या. आत लेक तिच्या पलंगावर, पाय पोटाशी घेऊन, लॅम्प लावून वाचत.

"बाबांना कधी सांगितलंस?"

"तुझ्यानंतर, त्या रविवारी. म्हटलं, आईला एवढ्यात सांगू नका. तिला सहन व्हायचं नाही."

मी बाहेर आले. हे पेटीशेजारी उभे, माझ्याकडे न बघता. "कसा वाटतो बास?"

म्हटलं, "उत्तम." खिडकीच्या काचा थरथरत होत्या.